पान चव्वेचाळीस

सात खोके. सहा बिस्किटांचे, एक टॉवेलच्या कारखान्याचा,
त्यावर अजून निळा शिक्का: निर्यातीसाठी.
एप्रिल. सोलापूर. ग्रंथालयाच्या माळ्यावर त्रेचाळीस अंश,
आणि पंखा असा फिरतो, जणू त्याचा पगार थकलाय.

मी नोंदवही उघडते.
प्रा. लिंगय्या गुंटूक, गणित विभाग.
कागदपत्रे, अंदाजे एकोणीसशे एकसष्ट ते ब्याण्णव.
'अंदाजे' त्यांना खपलं नसतं.
वर्गात कुणी 'जवळजवळ' म्हटलं की खडू खाली ठेवायचे.
किती जवळ? ते सांग, मग पुढं जाऊ.
त्यांच्या विषयात मी दोनदा नापास झाले.
ही नोंद कुठल्याच रकान्यात बसत नाही.

हजेरीपट वाळवीनं खालून खाल्लेत.
'अ' ते 'भ' हजर. 'म'पासून पुढं माती.
टिपणांच्या वह्या एकतीस, पहिला धडा तोच: सीमा.
उदाहरण तेवढं दर साली नवं.
कधी तलावाची उतरती पायरी,
कधी गड्ड्यातला आकाशपाळणा,
आणि ज्या साली गिरणीचा भोंगा वाजायचा थांबला
त्या साली समासात एवढंच:
आज उदाहरण नको.

तिसऱ्या खोक्याशी हात थांबला.
पुठ्ठ्याच्या पट्ट्या, जेकार्ड मागाच्या, भोकं पाडलेल्या.
वडील यांवरून चादरीत मोर उठवायचे.
फाटलेल्या पट्ट्या घरी यायच्या, बंबात जायच्या.
या पोरानं त्या बंबाच्या तोंडातून ओढल्या
आणि भोकं चुकवत चुकवत आकडे लिहिले:
पावकी, निमकी, दिडकी, पुढं बीजगणित,
पुढं असं काही, ज्याला माझ्यापाशी नाव नाही.
सूचीचा नियम विचारतो, पुढची बाजू कुठली?
मोर की गणित?
मी लिहिते: दोन्ही पुढच्या.

मग ती सिद्धता. एकसष्ट पानं.
समासात तेलुगू, कारण अडला की माणूस
आईच्या भाषेत अडतो.
सोबत परदेशातून आलेलं पत्र, चार ओळींचं, सभ्य.
आपला निष्कर्ष अचूक आहे.
तो एकतीस वर्षांपूर्वी सिद्ध झालेला आहे.
पत्राच्या पाठीवर पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक:
सोमवार, सकाळी सात-वीस, प्रथम वर्ष, ब तुकडी.
त्यांचंच अक्षर. हललेलं नाही.
भिंग लावून पाहिलं. हललेलं नाही.

पान चव्वेचाळीस नाही.
त्रेचाळीस 'समजा'वर संपतं,
पंचेचाळीस 'म्हणून'नं सुरू होतं.
तीन दिवस सगळे खोके उपसले, वह्या झटकल्या,
झुरळाची अंडी सापडली, एक पन्नास पैशांचं नाणं.

शेवटी विडी घरकुलात गेले, त्यांच्या बहिणीकडं.
नरसव्वा. मांडीवर सूप, बोटं न थांबता बोलली.
"अन्नाचा कागद? आमचा माग लंगडा व्हता,
फरशी खचलेली. अन्नानंच घडी घालून दिला.
म्हनला, हे मला पाठ हाय."
घड्या किती होत्या?
"मोजायचं काम त्याचं, बाई.
मी दिवसाला हजार विड्या मोजते, तेवढं बास."
माग एकोणीस वर्षं चालला. मग किलोवर गेला.
आता तिथं गुळगुळीत फरशी, वर नातवाची मोटरसायकल.

परत येऊन रकाना भरला.
पान: चव्वेचाळीस. स्थिती: नष्ट.
स्थान: मागाचा डावा पाय.
शेरा, थोडं थांबून: वापरात होतं.
ग्रंथपाल म्हणाले, हे असं चालत नाही.
मी खोडलं नाही.

निर्यातीचा सातवा खोका तसाच आहे.
सुतळीला विणकराची गाठ, नखाला दाद देत नाही.
शिपाई कात्री घेऊन उभा.
मी म्हणते, नको. बसते जरा.