उत्तराची प्रत

लघुलिपीत ‘विचाराधीन आहे’ला एकच खूण आहे,
गळासारखी, उजवीकडे वाकलेली.
एकतीस वर्षांत ती मी इतक्यांदा काढली
की भाजीच्या यादीतही कधी उमटते,
मेथीच्या खाली.

परवा नव्या पेठेतल्या सभागृहात
निवृत्तीनंतर पुन्हा बोलावलं मला.
हल्ली यंत्र ऐकतं सगळं, पण नीळकंठरावांचा
यंत्रावर भरवसा नाही. म्हणाले,
देवस्थळीबाईंना बोलवा, त्या चुकत नाहीत.

संसदेतले गटनेते ते. समोर बेचाळीस खासदार,
गळ्यात ओळखपत्रं, बशीत खारे दाणे.

आधी उठले नंदुरबारचे वळवी.
उगाच चष्मा पुसत राहिले, मग म्हणाले,
आमच्या तीन शाळांना मास्तर एक.
सोमवारी या पाड्यावर, मंगळवारी त्या.
पोरं वार ओळखतात त्याच्यावरून.
उत्तर: भरती विचाराधीन आहे.
मी गळ टाकला.

रामनाथपुरमच्या सेल्वीबाई बोलल्या हिंदीत, अडखळत:
होडी परत आली, माणूस तिकडच्या तुरुंगात.
इथे माझ्या पेन्सिलीचं टोक मोडलं.
उत्तर: चर्चा लवकरच.
मग इन्सुलिनचे भाव, मग कुठलंसं रेल्वे फाटक,
लवकरच, लवकरच.

तसे नीळकंठराव खोटं बोलणारे नव्हेत.
आकडे तोंडपाठ, तालुके तोंडपाठ,
मध्येच विचारतात, मुलीचं बाळंतपण नीट झालं ना?
आणि समोरचा प्रश्न मऊ पडतो
चहात बुडवलेल्या खारीसारखा.

शेवटी आसामचे बरुआ.
साहेब, नदीनं माझं एक गाव नेलं.
यादीत मतदार आहेत, गाव नाही.
प्रचाराला उभा कुठे राहू?
कुणीतरी हसलं. बरुआ नाही हसले.

नीळकंठराव ‘पूरनियंत्रणाची योजना’ इथवर आले होते,
तेवढ्यात चहा ओतणारा माणूस बोलला,
कुणाला उद्देशून नाही, किटलीलाच:
आमच्या पुलाच्या वाडीला निदान भोंगा वाजतो
धरणातनं पाणी सोडायच्या आधी.
आणि कप मोजत पुढे गेला.

तो सदस्य नव्हता.
त्याचं बोलणं कार्यवृत्तात येत नाही.
पण गटनेत्यांचं वाक्य तिथेच थांबलं.
पंखा ऐकू येऊ लागला.
शांततेला आमच्या लिपीत खूण नाही.
मी चार ओळी कोऱ्या सोडल्या.

रात्री आठला आले माझ्या टेबलाशी, चपला काढून,
का कोण जाणे. म्हणाले, वाचा.
मी वाचलं. डोळे मिटून ऐकत होते.
‘इथे काय?’
इथे तुम्ही काही बोलला नाहीत.
‘किती वेळ?’
चार ओळी.

बराच वेळ खुर्चीचा हात चोळत बसले.
मग म्हणाले, ‘लवकरच’ तेवढे काढा.
एकोणीस आहेत.
‘काढा.’
काढले. वाक्यं बोळकी झाली.
आणि ‘विचाराधीन’?
‘ते राहू द्या हो,’ म्हणाले, ओशाळं हसून,
‘काहीतरी घालून घराबाहेर पडायला हवं ना.’

दारातून वळून विचारलं,
‘त्या चहावाल्याचं नाव काय?’
मी वही उलटसुलट चाळली.
बेचाळीस नावं होती, आद्याक्षरांसकट, एकही चूक नाही.

घरी जाताना लकडी पुलावर थांबले जरा.
खाली वाडीत दिवे होते, कुणाचातरी टीव्ही मोठ्यानं,
आणि मुठा, असून नसल्यासारखी.
इतकी वर्षं या गावात काढली,
तो भोंगा नेमका कुठे बसवलाय
मला ठाऊक नाही.