राहण्याचा प्रत्यक्ष पत्ता

मंगळवारी वाचनालयात, बालविभागातल्या बुटक्या टेबलाशी
मी बसतो. गळ्यात बिल्ला : ‘मेडिकेअर, विनामूल्य सल्ला’.
तीस वर्षं या भागात शाळेची बस चालवली,
कुणाची पत्रपेटी कुठल्या वळणावर, डोळे मिटून सांगेन.
याहून मोठी पात्रता नाही. बाकी चार दिवसांचं प्रशिक्षण.

आयली कोस्केला येते. हातात पावाची पिशवी,
पिशवीत औषधांच्या सहा बाटल्या.
काखेत बुटांचं खोकं, खोक्यात उन्हाळ्यापासून साठलेली पत्रकं :
पांढऱ्याशुभ्र दातांची जोडपी सायकलवर हसतायत,
एकाच्याही अंगात स्वेटर नाही.
फेब्रुवारीत तिला पासष्ट पूर्ण होतील.
“लाइल, या वयात परत ए बी सी डी शिकायची म्हणे.”

शिकवतो. ए म्हणजे इस्पितळातली खाट.
बी म्हणजे डॉक्टर, तपासण्या, दरमहा हप्ता.
डी म्हणजे तुझ्या या बाटल्या.
आणि सी म्हणजे सगळ्याची एका कंपनीनं बांधलेली मोट,
वर दात, चष्मा, व्यायामशाळा फुकट.
“कुठली व्यायामशाळा?”
नव्वद मैलांवरची.
ती हसते. मग सौनासाठी लाकडं कोण फोडतं, विचारते.

यंत्राला मात्र आधी एकच हवं असतं : राहता कुठे?
पिन कोड टाकला, तर म्हणतं, त्यातली कुठली काउंटी?
तिच्या रस्त्याचं टपाल शेजारच्या काउंटीतून येतं
आणि शेजारच्या काउंटीत घड्याळ एक तास मागे.
ओढ्याच्या अलीकडे चार योजना, पलीकडे अकरा.
ओढा तो केवढा!
तोइवो बूट न काढता ओलांडायचा.

शून्य हप्त्याची एक आहे. तिनं तिच्यावर बोट ठेवलं.
मी डॉक्टरांची यादी उघडली, खाली खाली सरकवत राहिलो.
तिच्या हृदयाचा डॉक्टर नदीपार, विस्कॉन्सिनात.
यादी नदीशी थांबते.

“तोइवो गेला, हे त्यानंच सांगितलं मला,” ती म्हणाली.
“सांगून झाल्यावर उठला नाही. बसून राहिला.”
हे टाकायला यंत्रात रकाना नाही.

तो हवा असेल, तर मूळचीच मेडिकेअर घे,
वर पूरक विमा. नदी आडवी येणार नाही.
पण दरमहा एकशे साठ डॉलर, औषधांचं वेगळं,
म्हणजे नाकापेक्षा मोती जड.
बी सुरू झाल्यापासून सहा महिने दार सताड उघडं,
तुझ्या काळजाबद्दल कुणी काही विचारणार नाही.
मग विचारतील.
मग नाही म्हणायचीही मुभा आहे त्यांना.
हे वाक्य मी नेहमी हळू बोलतो,
आणि पुढे गप्प बसतो. निवड सुचवायची नाही, असा नियम.

बाहेरून बर्फ ढकलणारी गाडी गेली, काचा हादरल्या.
“बोट विकते,” ती म्हणाली.
“दोन उन्हाळे पालथीच आहे तशीही.”

अर्जावर : राहण्याचा प्रत्यक्ष पत्ता. टपालपेटीचा क्रमांक चालणार नाही.
“जळक्या चर्चनंतर तिसरी पेटी,” ती सांगते,
“बर्फाच्या नांगरानं वाकवलेली.”
माहीत आहे मला. तिथून तिची पोरगी बसमध्ये चढायची,
ओले केस, चढेपर्यंत कडक गोठलेले.
मी सगळं आकड्यांत लिहितो.

बाटल्या पिशवीत भरता भरता ती विचारते,
“आणि तुझं रे?”

माझं काय, झालंय, म्हणतो.
माझ्या ट्रकमध्ये पुढच्या काचेपाशी एक पाकीट पडलंय
ऑक्टोबरपासून, न फोडलेलं.
आत काय आहे ते पाठ आहे मला,
दर मंगळवारी लोकांना तेच वाचून दाखवतो :
पुढील वर्षापासून आपण राहता त्या भागात ही योजना उपलब्ध नसेल.

तीस वर्षं आरशातून मुलांचे चेहरे वाचले मी,
तिनं एका नजरेत माझा वाचला.
खुर्ची परत ओढून घेतली, लहान मुलांची, लाल.
“जा, घेऊन ये ते,” म्हणाली.
“चष्मा आहे माझ्याकडे.”