घर दर्यात गेलं

आंजर्ल्याच्या खाडीत ज्येष्ठात होड्या ओढून घेतात,
ओंडक्यांवर कलत्या ठेवतात, वर झापं बांधतात.
त्यातल्या एकीत आम्ही राहिलो.
आई, मी, वसंत, आणि अंगावर पिणारी चंदी.

काकाने कुलूप बदललं होतं.
बाबा वेरावळला ट्रॉलरवर गेले ते तिकडचेच झाले,
आम्हाला एवढंच माहीत.
आईला जास्त माहीत असावं.

हिराजी तांडेल म्हणाला, राहा,
फक्त आत चूल नको.
म्हणून चूल बाहेर, नाळेखाली, तीन दगडांची.
पाऊस आडवा आला की आई त्याच्याकडे पाठ करून बसायची,
भाताला तिच्या पाठीएवढा आडोसा मिळायचा.

होडी डावीकडे कललेली.
रात्री आम्ही घरंगळत चंदीवर यायचो.
मग आईने खालच्या अंगाला स्वतःला घातलं,
बांधासारखं.
अजून मी सपाट जमिनीवर तिरकी झोपते.

शाळेत गुरुजींनी घर नंबर विचारला.
वसंतने होडीच्या कुशीवर रंगवलेला नंबर सांगितला,
अक्षरांसकट, न अडखळता.
गुरुजींचं पेन थांबलं. मग त्यांनी लिहून घेतला.

नारळी पुनवेच्या आधी चार दिवस झापं उतरली,
आभाळ एकदम घरात आलं.
आईने काथ्याने फळ्या घासल्या.
वसंतने कोळशाने लिहिलेला तेराचा पाढा पुसत
तेरा सत्ते एक्याण्णवपाशी जरा थांबली,
मग तेही पुसलं.
नाळेला जास्वंद तिनेच खोवली.

बँजो वाजत होता. माणसं नटून किनाऱ्याला.
तांडेलाच्या बायकोने खोबऱ्याची अर्धी वाटी हातात ठेवली
आणि दुसरीकडे बघितलं.
आम्ही गाठोड्यावर बसलेलो.
वसंत म्हणाला, आई, आपलं घर चाललं.
आई म्हणाली,
जाऊ दे. त्याला पण पोट आहे.

त्या रात्री बर्फाच्या कारखान्यामागे,
पुढे एसटी स्टँड, सुकटीच्या गोदामाचा ओटा,
मग पुन्हा ज्येष्ठ.
अशी पाच वर्षं.

हर्णैला लिलावाच्या वेळी होड्या लागल्या की
कोळंबी सोलून फुटलेली बोटं कपाळावर धरून
आई आधी ती होडी शोधायची.
"आली," म्हणायची,
कोणी शाळेतून आल्यावर म्हणावं तसं.

आता दापोलीत दोन खोल्या, दुसऱ्या मजल्यावर.
विजेचं बिल तिच्या नावाने येतं: द्वारका पाटेकर.
अर्ज भरताना मधल्या नावाची जागा तिने
रिकामी सोडायला लावली होती.
बिल तिला वाचता येत नाही,
नावावरून बोट फिरवून उशीखाली ठेवते.

श्रावण लागला की मात्र
भांडी घासून पालथी घालते,
चादरींचं गाठोडं बांधून दाराशी ठेवते.
मी सोडते.
सकाळी उठून बघते तर
पुन्हा बांधलेलं.