सुरी

हवासाच्या विद्यापीठात त्या दिवशी
फलक बांधायचं काम माझ्याकडे होतं.
'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याची शेती'.
दोरी आखूड पडली, म्हणून 'उद्याची'चा कोपरा
संध्याकाळपर्यंत लोंबत राहिला.

तळ्यावरचे करकोचे छपरावर येऊन बसलेले,
टकले, गळ्याशी पिशवी लोंबणारे,
पाहुण्यांच्याही आधी हजर.
"परीक्षक आले," डांगिसो म्हणाला
आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसला.

चार वर्षं त्यानं पानांचे फोटो काढलेत.
अकरा हजार पानं, सगळी एन्सेटची.
दिसायला केळ, पण केळं धरत नाही;
जे काही द्यायचं ते खोडातून, कंदातून.
बाया बसून खरवडतात, खड्ड्यात पुरतात, आंबवतात,
कित्येक महिन्यांनी त्याची भाकरी होते.
झाड हाताशी यायला सहा वर्षं.
मर लागली की
तीन आठवडे पुरे.

जेवणानंतर मंचावर दोन कुंड्या आल्या.
डांगिसोनं पहिल्या पानासमोर फोन धरला,
मोठ्या पडद्यावर लाल चौकट:
रोगी, शहाण्णव टक्के.
टाळ्या.
दुसऱ्या पानावर हिरवी चौकट, निरोगी.
आणखी टाळ्या. राजधानीहून आलेले साहेब
मान हलवत काहीतरी लिहून घेत होते,
आणि पडद्यावर ते पान इतकं मोठं दिसत होतं
की त्याच्या शिरांतून बैलगाडी गेली असती.

मग प्राध्यापक लाटामो उठले.
यंत्र बरोबर बोललं, हे डोळ्यांनी दिसू दे म्हणाले,
सुरी घेतली, रोगी झाडाचा देठ
आडवा कापला.
कापल्या जागी पिवळट, चिकट थेंब
हळूहळू फुगून वर आले.
मागच्या रांगा उभ्या राहून पाहू लागल्या.
"आता निरोगी कसं असतं, तेही बघा,"
म्हणत ते दुसऱ्या कुंडीकडे वळले,
सुरी तीच.

"सुरी!"

मी माइक घेऊन तिसऱ्या रांगेपर्यंत पोचेस्तोवर
अस्काले उठून निम्म्यात आली होती.
'शेतकरी प्रतिनिधी' अशी चिठ्ठी
तिच्या ओढणीला मीच सकाळी टाचलेली,
उलटी.
तिनं प्राध्यापकांच्या हातून सुरी काढून घेतली,
लेकराच्या हातून घ्यावी तशी, न रागावता,
आणि दाराशी कॉफीवाली मुलगी
दाणे भाजत बसली होती, तिच्या शेगडीत खुपसली.
पातं तापून काळं पडेपर्यंत
सभागृहात कुणी काही बोललं नाही.
चिकाचा वास सुटला.
मुलीनं कपाळाला आठी घातली,
दाणे बाजूला ओढले.

माइक मी तिच्यासमोर धरला.
तिनं तो हातानं दूर सारला
आणि शेगडीकडे बघतच बोलली:
"त्या वर्षी माझी सुरी बोथट झाली होती.
शेजारणीची मागून आणली.
नऊ झाडं.
तिच्या बागेत रोग होता, हे तिलाही ठाऊक नव्हतं.
या पोराचा फोन तेव्हा असता, तर कळलं असतं.
पण फोन तिनं झाडाला दाखवला असता,
सुरीला कोण दाखवतं?"

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. खूप वेळ पुसला.
त्यानंतर आभारप्रदर्शन झालं, ठरल्याप्रमाणे.

संध्याकाळी आम्ही दोघं खुर्च्या रचत होतो.
डांगिसो मध्येच थांबला, फोन काढला,
मेजावरच्या सुरीचा फोटो घेतला.
जरा वेळ चाक फिरत राहिलं, मग उत्तर आलं:
'पान आढळले नाही.
कृपया पुन्हा प्रयत्न करा.'

त्यानं पुन्हा प्रयत्न केला.
मी खुर्च्या रचत राहिलो.
कॉफीवालीनं उरलेली कॉफी आम्हाला दिली फुकट,
धुरकट, किंचित आंबूस,
आणि म्हणाली, उद्या शेगडी
तुम्हीच घासून द्यायची.