ठराव क्रमांक सतरा

थाको पंपाच्या नगरसभेचं इतिवृत्त मी लिहितो.
कोण काय बोललं तेवढंच लिहायचं असतं.
कोण गप्प बसलं, त्याला रकाना नाही.

त्या गुरुवारी विषय एकच: रुग्णवाहिका.
नगराध्यक्ष फोर्तुनातो विल्कांनी रंगसुद्धा ठरवला होता,
पांढरी, कडेला हिरवी पट्टी, दारावर गावाचं नाव
आणि त्याखाली, जरा लहान अक्षरांत, त्यांचं.
जत्रेच्या दिवशी फीत कापायची.
टेबलावर कोकाची पानं, संत्र्याची सालं,
हात वर जायच्या बेतात.

तेव्हा एदुविहेस उठली, आरोग्य चौकीतली नर्स.
हातात अकरा पानं, कोपरे उंदरांनी कुरतडलेले.

"हे आपल्याच कपाटात होतं. सात वर्षं.
लसींच्या रिकाम्या खोक्यांखाली.
आठवतं, शहरातून पोरं आली होती,
भिंतींच्या फटींत बॅटऱ्या मारत विंचुका मोजत होती?
तुमच्या बोटातून थेंब थेंब रक्त घेतलं,
मुलांना बिस्किटं दिली?
ते रक्त इथे आहे. पान सहा. हा ठिपका."

कुणीतरी हसलं. हसू अर्ध्यावरच थांबलं.

विंचुका आम्हाला कुणी शिकवायला नको.
नाव डंखाचं, पण डंख कळतसुद्धा नाही.
झोपेत ओठापाशी येते, मुका घेतल्यासारखी,
आणि वीस वर्षांनी बैलांमागे चालता चालता
माणूस नांगर धरूनच खाली बसतो.
आम्ही म्हणतो, थकला होता.

ती स्पॅनिशमधली एकेक ओळ केचुआत आणत होती,
अडखळत, बोट ठेवून.
आतून गिलावा केलेली शंभर घरं: नऊ घरांत किडे.
उघड्या मातीची शंभर: एकसष्ट.
"आणि फवारणी?" म्हाताऱ्या हिलारियोननं विचारलं.
"दोन्ही केलं तर सगळ्यात कमी.
नुसती फवारणी, तर तिसऱ्या पावसाळ्यात
ये रे माझ्या मागल्या."

मग पान नऊ. तिथे ती थांबली, पाणी प्यायली.
"इथे माझ्याबद्दल आहे. नाव नाही.
'व्याख्यानं आणि भित्तिपत्रकं' असं लिहिलंय.
फरक: जवळजवळ नाही."

बारा वर्षं दर शनिवारी ती बोलत आली,
आम्ही माना डोलावत आलो
आणि रात्री त्याच भिंतीला उशी लावत आलो.

"हे पान फाडून ठेवता आलं असतं," ती म्हणाली.
"पण मग उरलेल्या दहांवर
तुम्ही विश्वास का ठेवावा?"

"गिलाव्याची फीत कशी कापणार?"
हे नगराध्यक्षांनी खरंच विचारलं. मी लिहिलं.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोडलं.
म्हणून इथे लिहितो.

मागच्या बाकावरून प्रिमितिवा म्हणाली,
"निवडुंगाचा चीक आहे आमच्याकडे. चुना किती लागेल?
आणि गिनीपिग स्वयंपाकघरात ठेवू नका, असंही लिहिलंय का?"
"हो."
"बाहेर थंडीनं मरतील ते."
एदुविहेसनं पानं चाळली, पुन्हा चाळली.
"ते यात नाही. ते तुम्ही सांगायचं, मी लिहून घेते."
आणि समासात, पेन्सिलीनं, लिहून घेतलं.

ठराव सतरा: आधी चाळीस घरं.
कामाआधी किडे मोजायचे, वर्षानं पुन्हा मोजायचे,
कमी झाले नाहीत तर तसंच लिहायचं.
रुग्णवाहिका पुढच्या सालावर.
विरोधात दोन. नगराध्यक्ष तटस्थ.

घरी आलो. माझ्या खाटेमागे एक फट आहे,
लहानपणापासून मी तिच्यात पेन्सिल खोचतो.
पेन्सिल काढली. बॅटरी लावली.
आत काहीतरी सरकलं, बिनघाईचं,
घर आपलंच असल्यासारखं.

वही उघडून तारीख घातली.