मागची सीट

लोहार चाळीत होजेफाभाईंच्या दुकानात
ही आमची तिसरी खेप.
ते आता चहा विचारत नाहीत, सरळ मागवतात.

अच्युतला हवा बाराशे लुमेनचा दिवा.
“हरिहरेश्वरच्या उतारावर बैल बसलेला असला तर?”
मी म्हणते, बैलालाही डोळे असतात.
होजेफाभाई शटर अर्धं ओढून घेतात,
एकेक दिवा भिंतीवर पाडून दाखवतात.
हा नुसताच सांडतो, तांब्या कलंडल्यासारखा.
हा बघा, वरून सुरीने कापलेला,
समोरून येणाऱ्याच्या छातीच्या वर चढत नाही.
मला हा पटतो. अदबीचा आहे.
अच्युत किंमत विचारतो
आणि चहा निवू देतो.

वीज आणायची कुठून, हा वेगळा वाद.
पुढच्या चाकाच्या तुंब्यात डायनॅमो,
सहा व्होल्ट, तीन वॉट, निरांजनाएवढी कमाई,
फोनसाठी म्हणाल तर तीही ताशी पंधराच्या वर.
चढावर, दमून आठावर आलो की,
म्हणजे नेमका जिथे फोन लागणार
तिथे तो हात वर करतो.
म्हणून मध्ये एक बॅटरी, लोणच्याच्या बरणीसारखी:
उतारावर भरायची, चढावर पुरवून खायची.
“दहा हजारची घेऊ की वीस?”
“वजन कोण ओढणार?”
“दोघं,” तो म्हणतो,
आणि आज पहिल्यांदा हसतो.

(रेवसच्या लाँचवाल्याला फोन केला होता.
तो म्हणाला, माणसं दोन कळली,
पण ही सायकल एक धरायची की दोन?
ते अजून ठरलेलं नाही.)

राहिला नकाशा.
आधी फोन पुढे लावला, त्याच्या हँडलवर.
पण त्याला चष्म्याशिवाय अक्षर दिसत नाही
आणि चष्म्यातून रस्ता.
म्हणून फोन मागे आला,
त्याच्या सीटखालून निघालेल्या माझ्या हँडलवर.
आता त्याला रस्ता दिसतो, नकाशा नाही.
मला नकाशा दिसतो,
आणि रस्त्याच्या जागी एक घामेजलेली पाठ,
कॉलरला लाँड्रीची चिठ्ठी तशीच.

मी अकरा वर्षं ट्रंक बोर्डावर होते.
कानाला हेडफोन, बोटांत दोऱ्या,
रत्नागिरी बोला, कराड बोला, लाइनवर राहा.
ज्यांना मी दिसत नव्हते
त्यांना गावापर्यंत पोचवलंय.
म्हणून वाटलं, हे जमेल.

परवा रात्री चाचणी घेतली.
माझगावहून गोदीच्या भिंतीकडेने शिवडीकडे.
दिव्याने पुढ्यात चटई अंथरली,
खड्डे आपापली सावली घेऊन सामोरे आले.
“डावीकडे,” मी म्हणाले.
तो वळला.
बंद गेट. ट्रकांची रांग. एक कुत्रं.
नकाशा आपणहून फिरला होता,
उत्तर दिशा माझ्या पोटाकडे आली होती.

असं कसं झालं, हे त्याने विचारलं नाही.
एक पाय टेकून उभा राहिला.
माझे दोन्ही पेडलवरच;
मागच्याने टेकायचे नसतात, असं आमचं ठरलंय.
चाक थांबलं तसा डायनॅमो थांबला,
पण दिव्याच्या पोटात चार मिनिटांची शिल्लक असते,
तेवढ्यात कुत्र्याने येऊन
पुढचं चाक हुंगून घेतलं.

“मागचा पेटलाय?” अच्युतने विचारलं.
मागचा तांबडा दिवा मी एकटीने निवडला,
सगळ्यात जास्त वेळ लावून.
तो आम्हा दोघांनाही कधी दिसणार नाही.
मी मान वळवली नाही.
पाठीमागचा एक ट्रक
अंतर राखून, हॉर्न न देता, उभा होता.
“पेटलाय.”

मग बराच वेळ कोणीच बोललं नाही.
मी मनगटावरचं घड्याळ प्रकाशात धरलं.
“तीन मिनिटं झाली,” म्हणाले,
“वाढवायची?”