समुद्रघोडा

डॉक्टर कारखानीसांनी चिठ्ठीच्या पाठीवर
एक समुद्रघोडा काढला.
"हा मेंदूत असतो. तुमचा जरा आकसलाय.
जिने चढा. त्याला तोच चारा."

मी हसले नाही. हसायचं खातं
मार्चपासून बंद.

पहिल्या दिवशी तिसरा मजला.
मिरांडांच्या चपलांशेजारी बसून राहिले,
लिफ्टने परत.

नवव्या दिवशी सातव्यावर
कुणाचे तरी बोंबील तळत होते,
आणि वास आला.
मला. वास.

आज गच्ची.
छातीचा भाता, पोटऱ्यांत विस्तव,
पाण्याच्या टाकीवर घार, पलीकडे शिवडीची खाडी.
बरं वाटतंय, असं नाही म्हणणार.
पण कानाच्या थोडं आत
कुणीतरी खूर आपटतंय.

समुद्रघोड्याला खूर नसतात, माहितीये.
तरी विचारीन कारखानीसांना.